हडंब्यात सापडलेला हात : दुखापतीचा काळ आणि खर्च

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की मळणी यंत्रात, म्हणजेच गावोगावच्या हडंब्यात, हात सापडण्याचा धोका वाढतो. कारण पाऊस गाठेल या धास्तीने काम रात्रीपर्यंत चालते, थकलेला मजूर माल आत लोटताना हात फिरत्या ड्रमपर्यंत नेतो आणि सैल बाही किंवा पदर पट्ट्यात गुंततो.

अशा दुखापतीचा खरा खर्च शस्त्रक्रियेच्या बिलापेक्षा हात बरा होण्यास लागणाऱ्या काळात असतो. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर, तुटून शिवला गेल्यास साधारण ६ आठवडे स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार, वापरावा लागतो आणि जोराची पकड सुमारे १२ आठवडे वर्ज्य असते. म्हणजे ऑक्टोबरात जखमी झालेल्या शेतकऱ्याची हरभऱ्याची पेरणी इतरांच्या हाती जाते आणि तूर काढणीला येईपर्यंत त्याला विळा धरता येत नाही. चेतातंतू, म्हणजे संवेदना वाहून नेणारी नस, जोडल्यानंतर दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते, त्यामुळे मनगटापाशी ती तुटली असल्यास बोटांच्या टोकांना स्पर्श कळण्यास ६ महिने किंवा अधिक लागतात, आणि तोवर चुलीचा चटकाही जाणवत नाही. मजुरी बुडते म्हणून स्प्लिंट लवकर काढल्यास शिवलेली कंडरा पुन्हा तुटू शकते, तर भौतिकोपचार, म्हणजे सांध्यांचे शिकवलेले व्यायाम, टाळल्यास बोटे कायमची आखडतात. वाचवलेले हे दिवस सर्वांत महाग पडतात.

बोट तुटल्यास जखमेत हळद किंवा चहापूड न भरता स्वच्छ कापडाने दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावा व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी, कारण थेट बर्फ लागल्यास पेशी मरतात. त्यानंतर रुग्णाला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे आणि धनुर्वाताची लस द्यावी.

भरपाईचा हिशेब मात्र तोकडाच आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या अनुसूचीने पूर्ण अंगठा गमावल्यास कमावण्याची क्षमता ३० टक्के, तर पूर्ण तर्जनी गमावल्यास १४ टक्के घटते असे धरले. पण स्वतःच्या रानात राबणाऱ्याला मालकच नसल्याने हा आधार मिळत नाही. त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना असून एक हात निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळू शकतात, म्हणून अपघाताची नोंद आणि उपचाराची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत व तालुका कृषी कार्यालयात तातडीने प्रस्ताव द्यावा.