बोथट तलवारींचा बाजार : चार आखाडे, चार मापे

युरोप-अमेरिकेत उन्हाळा सुरू झाला की हजारो माणसे अंगावर लोखंड चढवून मैदानात उतरतात. हे लोक सैनिक नाहीत आणि नाटक-सिनेमातले नटही नाहीत. कोणी शिक्षक असतो, कोणी सुतार, कोणी बँकेतला कारकून. सुटीच्या दिवशी ते सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या शिपायाचा वेष करतात, डोक्यावर टोप चढवतात आणि ढाल-तलवार घेऊन एकमेकांशी लढतात. तलवारी बोथट असतात, मात्र काही आखाड्यांत वार पुऱ्या ताकदीचे असतात.

या विषयाचे आमच्या पानावर काय काम, असे वाचक विचारतील. काम आहे. या हौशी लढवय्यांच्या अंगावरचा बराच माल भारतीय हातांनी घडलेला असतो. डेहराडूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही १९४३ साली सुरू झालेली, कुकरी बनवणारी कंपनी आज परदेशात तलवारी व चिलखते पाठवते. उत्तर भारतातल्या लहान कारखान्यांतूनही टोप, ढाली आणि कड्यांची चिलखते निर्यात होतात. तथापि जाणकार गिऱ्हाइकांत भारतीय मालाविषयी एक जुनी तक्रार आहे : दिसायला देखणा, दामाला स्वस्त, पण लढायला नेऊ नका.

आमच्या मते यात दोष हाताचा नाही, माहितीचा आहे. भिंतीवर टांगण्यासाठी घडवलेला टोप कोणाच्या तरी डोक्यावर जातो, त्याच्यावर कुऱ्हाड बसते आणि सांधा उघडतो. गिऱ्हाइकाचे डोके फुटते, कारागिराचे नाव जाते. म्हणून हा माल कोण वापरतो आणि कसा वापरतो, हे आजच्या धड्यात समजून घेऊ.

चार आखाडे

पहिला आखाडा वेताचा. १ मे १९६६ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका घराच्या परसात काही मित्रांनी मध्ययुगीन सामन्यांचा खेळ मांडला. त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम’ ही संस्था उभी राहिली. चिलखती लढतीत हे लोक लोखंडी तलवार वापरत नाहीत. जाड वेताची काठी टेप गुंडाळून तलवारीसारखी धरतात आणि पूर्ण जोराने मारतात. पंच गुण देत नाही. ज्याला वार लागला त्याने स्वतः कबूल करायचे की, ‘हा वार खरा असता तर मी पडलो असतो.’ सारा खेळ इमानावर चालतो. १९७२ पासून पेनसिल्व्हेनियात त्यांचे ‘पेन्सिक’ नावाचे मोठे युद्ध भरते. त्याला सुमारे दहा हजार माणसे जमतात आणि तिथे तंबूंची बाजारपेठही उभी राहते.

दुसरा आखाडा इतिहासाच्या देखाव्याचा. इंग्लंडमध्ये १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई आणि १४७१ ची ट्यूक्सबरीची लढाई लोकांसमोर पुन्हा उभी केली जाते. पोलंडमध्ये १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईचा देखावा १९९८ पासून दर जुलैत होतो. इथे तलवार पोलादी पण बोथट असते, वार हात राखून केला जातो आणि कोण जिंकणार हे इतिहासाने आधीच ठरवलेले असते. या आखाड्यात मान अस्सलपणाला आहे. कपड्याचा धागा, जोड्याची शिवण, पट्ट्याची कडी त्या काळातली हवी.

तिसरा आखाडा ‘बुहुर्त’ म्हणजे पोलादी झुंजीचा. जुन्या फ्रेंच भाषेत घोळक्याच्या लढतीला हा शब्द होता. रशिया, युक्रेन, बेलारूस व पोलंड या भागांत ही रीत वाढली आणि २०१० साली युक्रेनमधल्या खोतिन किल्ल्यात ‘बॅटल ऑफ द नेशन्स’ ही पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. पाचास पाच ही लढत सर्वांत लोकप्रिय आहे. तलवार, परशू, ढाल, खांदा, कुस्तीचा पेच, सगळे चालते. जो जमिनीला टेकला तो बाद. भोसकणे मात्र मना आहे. गुडघ्याची मागची बाजू, जांघ, पावले अशा जागी मारणेही मना आहे.

चौथा आखाडा पोथीवाल्यांचा. इटलीच्या फिओरे दे लिबेरी यांनी १४१० च्या सुमारास लढाईच्या विद्येवर ग्रंथ लिहिला. जर्मनीत योहानेस लिख्टेनाउअर यांची परंपरा शिष्यांनी लिहून ठेवली. या पोथ्या वाचून त्यातले डाव पुन्हा शिकणारे लोक या आखाड्यात आहेत. त्यांना जुन्या वेषाची ओढ नाही. ते काळे जाड जाकीट, जाळीचा मुखवटा आणि हातात लवचिक पोलादी तलवार घेऊन गुणांसाठी खेळतात.

भांडण कशाचे?

कुस्तीत जशा तालमी, गाण्यात जशी घराणी, तशीच इथेही चुरस आहे. पोलादवाले वेतवाल्यांना ‘काठ्या मारणारे’ म्हणून हिणवतात. वेतवाले उत्तर देतात की आम्ही पूर्ण जोराने मारतो, तुमच्या देखाव्यात तर वार अर्ध्यावर थांबतो. पोथीवाले बुहुर्तला धक्काबुक्की समजतात, यात विद्या कुठे आहे असे विचारतात. बुहुर्तवाले म्हणतात, चिलखतातल्या माणसाला तलवारीने कापता येत नाही. त्याला पाडावेच लागते, आणि हीच खरी विद्या.

एकाच आखाड्याच्या पोटातही वाद असतात. व्हायकिंग काळाचा देखावा करणाऱ्यांत ‘पश्चिमी’ आणि ‘पूर्वी’ असे दोन ढंग आहेत. पश्चिमी ढंगात डोक्यावर मारणे सहसा वर्ज्य असते आणि वार हलका असतो. पोलंड-रशियाकडील पूर्वी ढंगात डोके खुले असते आणि हात जड असतो. बुहुर्तमध्ये नियम व कारभार यांवरून मंडळी फुटली. २०१४ साली स्पेनच्या बेलमोन्ते किल्ल्यात दुसऱ्या संघटनेने आपली वेगळी जागतिक स्पर्धा भरवली. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर आणखी फूट पडली आणि ‘बुहुर्त इंटरनॅशनल’ ही नवी संघटना पुढे आली.

व्यापाऱ्याने या भांडणात कोणाची बाजू घेऊ नये, पण त्याचे मूळ जरूर ओळखावे. मूळ प्रश्न एकच आहे : खरा वार कोणता? पहिल्याच्या मते लागलेल्याने कबूल केलेला, दुसऱ्याच्या मते पाहणाऱ्याला पटलेला, तिसऱ्याच्या मते माणूस पाडणारा, चौथ्याच्या मते पोथीतल्या डावाने लागलेला. वार वेगळा म्हणून चिलखत वेगळे. एकाचा टोप दुसऱ्याच्या डोक्यावर चालत नाही तो यामुळेच.

मालाचा अभ्यास

टोप. वेताच्या आखाड्यात टोपाचा पत्रा किमान १६ गेज, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर लागतो. तोंडावरच्या जाळीची फट एक इंचाहून कमी हवी, आत किमान अर्धा इंच अस्तर हवे आणि हनुवटीचा पट्टा तर हवाच. बुहुर्तमध्ये दोन मिलिमीटर किंवा त्याहून जाड पत्र्याचे टोप सर्रास दिसतात, कारण तिथे दोन्ही हातांनी मारलेला परशू डोक्यावर येतो. शोभेचे टोप १८ ते २० गेजच्या पत्र्याचे, टाके मारून जोडलेले असतात. चौथ्या आखाड्याला लोखंडी टोप लागतच नाही. त्याला हवी मुखवट्यावर चढवायची, मागचे डोके झाकणारी टोपी. शिंगे लावलेल्या व्हायकिंग टोपाविषयीही सांगतो. व्हायकिंग लोक असे टोप घालत होते याचा पुरावा नाही. ही शिंगे एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांतून आणि रंगभूमीवरून आली. नॉर्वेत येरमुंडबू येथे १९४३ साली सापडलेल्या खऱ्या टोपाला शिंगे नाहीत. असा माल पर्यटकाला खपेल, देखाव्याच्या आखाड्यात मात्र हसू होईल.

कड्यांचे चिलखत. एका कडीत चार कड्या ओवून हे विणतात. पूर्ण बाह्यांच्या चिलखताला वीस-तीस हजार कड्या सहज लागतात. नुसती टोके जुळवून दाबलेली कडी स्वस्त पडते, पण जोराचा धक्का बसला की उघडते. युरोपात मध्ययुगात कडीची टोके चपटी करून, एकावर एक चढवून, भोक पाडून बारीक रिव्हेट मारत. आज पोलादी हत्यारांच्या आखाड्यांत याच कडीला मागणी आहे. मजुरी कित्येक पट आहे, तसा भावही आहे. वेताच्या आखाड्यात साधी कडी चालून जाते. जस्ताच्या मुलाम्याची चमक अस्सलपणाच्या पारखी गिऱ्हाइकाला नको असते. त्याला तेल दिलेले काळपट लोखंड आवडते. कारागिरांसाठी एक इशारा : जस्ताच्या मुलाम्याची तार तापवली तर निघणारा धूर छातीला बाधतो.

गादीचा अंगरखा. कडी धार अडवते, मार अडवत नाही. मार अडवते ती आतली गादी. जाड कापडाचे अनेक थर, किंवा दोन थरांत कापूस भरून उभ्या शिवणी घालून हा अंगरखा तयार होतो. जुन्या फ्रेंच व इंग्रजी भाषांत त्याचे एक नाव ‘ॲक्टन’ होते, आणि हा शब्द अरबी ‘अल्-कुत्न’ म्हणजे कापूस यावरून गेला आहे. आपल्याकडचे पिंजारी, गादीवाले आणि शिंपी यांच्या हाताला हे काम परके नाही. देखाव्यासाठी आणि बुहुर्तसाठी वरचे कापड सुती किंवा तागाचे हवे. पॉलिएस्टरची चमक लगेच ओळखू येते, शिवाय आतला माणूस उकडून निघतो. उलट चौथ्या आखाड्याच्या जाकिटाला आधुनिक, भोक न पडणारे कापड लागते. त्यावर ३५० किंवा ८०० न्यूटन असे आकडे लिहिलेले असतात. कापडाची रीतसर चाचणी झाल्याशिवाय हा आकडा शिवू नये. तो आकडा वाचूनच गिऱ्हाईक समोरच्या तलवारीच्या टोकापुढे उभे राहते.

हातमोजे. या छंदात बोटांना फार इजा होतात. बुहुर्तवाल्याला पोलादी पंजा लागतो, चौथ्या आखाड्याला जाड गादीचे मोजे, आणि वेतवाल्याला तलवारीच्या मुठीवर हात झाकणारी लोखंडी वाटी. नुसते चामड्याचे नक्षीदार मोजे म्हणजे दागिना होय.

तलवार. वेताऐवजी बांबू चालेल अशी समजूत करून घेऊ नये. बांबू पोकळ असतो आणि फुटला की त्याच्या चिपा निघतात. वेत भरीव असतो. तो मार खाऊन पिंजतो. त्याची जाडी किमान सव्वा इंच लागते. पोलादी तलवारीची कड सुमारे दोन मिलिमीटर जाड आणि टोक गोल हवे. चौथ्या आखाड्याच्या तलवारीचे पाते भोसकताना कमानीसारखे वाकले पाहिजे. पाणी न दिलेले पाते वाकून तसेच राहते. पाणी देऊन पुन्हा बेताने तापवले नाही तर ते काचेसारखे मोडते. शोभेच्या तलवारीत पात्याच्या मागे बारीक सळई जोडून मुठीला आटा पाडतात. हा जोड तुटला की पाते उडून प्रेक्षकांत जाते. लढाऊ तलवारीत पात्याचीच शेपटी मुठीतून आरपार नेऊन शेवटी ठोकून बसवतात.

व्यवहाराच्या गोष्टी

गेजवर भरवसा ठेवू नये. अमेरिकन पत्र्याचे १६ गेज १.५२ मिलिमीटर भरते आणि ब्रिटिश मापाचे १.६३. या फरकाने अख्खी खेप परत येऊ शकते. सौदा मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावा, आणि ठोकून ताणलेल्या जागी, विशेषतः टोपाच्या माथ्यावर, पत्रा किती उरला तेही मोजावे.

बुहुर्तच्या नियमांत वेषाचे सारे भाग एकाच प्रदेशाचे आणि साधारण ५० वर्षांच्या आतल्या काळाचे असावे लागतात. म्हणून मनाने नक्षी वाढवू नये. गिऱ्हाइकाकडून जुन्या वस्तूचे चित्र मागावे आणि त्याबरहुकूम घडवावे.

कायद्याचाही विचार हवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात. आपला माल बोथट आहे म्हणून विचारण्याची गरज नाही, असे कोणी धरू नये. वकिलाचा सल्ला आणि जिल्हा अधिकाऱ्यांचे लेखी उत्तर घेतल्याविना तलवारीच्या कामाला हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंगरखे, पट्टे, चामड्याचे जोडे आणि तंबू यांत पात्याचा प्रश्नच येत नाही. शिंपी, चर्मकाम करणारे व गादीवाले यांनी आधी तिकडे पाहावे.

सौदा करण्यापूर्वी गिऱ्हाइकाला पाच प्रश्न विचारावेत : कोणत्या आखाड्यासाठी हवे? समोरच्याच्या हातात वेत असेल की पोलाद? डोक्यावर वार चालतो का? कोणत्या सालचा आणि कोणत्या देशाचा वेष? तुमच्या मंडळाचे लेखी नियम पाठवाल का? शेवटच्या प्रश्नाने गिऱ्हाईक नाराज होत नाही. उलट आपण जाणकाराशी बोलतो आहोत, हे त्याच्या लक्षात येते.

शोभेचा माल विकणे यात काही गैर नाही. त्याचीही बाजारपेठ मोठी आहे. पण त्यावर ‘फक्त शोभेसाठी, लढण्यासाठी नाही’ असे ठळक छापावे, आणि दलालाने ती चिठ्ठी काढायला सांगितली तर सौदा सोडावा. वेताच्या आखाड्यात वार लागलेला माणूस कोणी विचारण्याआधी कबूल करतो. टोप किती मार सोसेल हे तो घडवणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून त्यानेही ते विचारण्याआधी सांगावे.