जुन्या मोटारसायकलीचे नवे रूप

जुन्या बुलेटची ‘कॅफे रेसर’ करणे म्हणजे तिला केवळ नवा रंग देणे नव्हे. १९५० नंतरच्या काळात लंडनच्या एस कॅफेसारख्या उपाहारगृहांपाशी जमणाऱ्या तरुणांनी हा प्रकार रूढ केला. त्यांनी अनावश्यक भाग काढून वजन घटविले, हँडल खाली आणले व फूटरेस्ट मागे नेले. त्यामुळे चालक पुढे वाकतो व वाऱ्यास कमी अडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ही युक्ती शास्त्रशुद्धच होय.

परंतु वर्गाचा तोच नियम गतिज ऊर्जेलाही लागू आहे. वेग दुप्पट झाला, की ब्रेकला चौपट ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करावे लागते. जुन्या बुलेटचे ड्रम ब्रेक मात्र तेच राहतात! म्हणून सुज्ञ कारागीर प्रथम चेसिसचे तडे, चाकांचे बेअरिंग व ब्रेक तपासतो. टाकी व आसन यांचा विचार मागाहून करतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ देखील मूळ रचनेत मन मानेल तसा बदल करू देत नाही.

आपल्या राऊजवळ, पीथमपूर येथे, २०२१ साली ११.३ किलोमीटर लांबीचा वेगचाचणीचा मार्ग खुला झाला. वेगाचे स्थान तेथे आहे. शाळेसमोरील रस्त्यावर नव्हे.