आधी आगीचं कारण, मग औषध

अगं, रात्री चादर लागली तरी तळपाय पेटतात म्हणतेस, आणि शेजारीण म्हणाली म्हणून बिबा घालायला निघालीस? बिबा उतला तर असलेल्या दुखण्यात आणखी भर. आग कशामुळे होते ते आधी कळू दे.

तुला शुगर आहे, तेव्हा पहिला संशय तिच्यावरच. पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि आपलं माळकरी घर, अंड्याचंही नाव नाही. त्यानंही अशीच आग होते, मुंग्या येतात. म्हणून तीन महिन्यांची सरासरी शुगर आणि बी-१२, दोन्ही तपास. कमरेतून एकाच पायात कळ उतरत असेल तर मणका बघावा लागेल. अंगावर बधिर चट्टा असेल तर तोही दाखव, लाजू नकोस. तो कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

नसांच्या आगीला नेहमीची दुखण्याची गोळी फारशी लागू पडत नाही, उलट किडनीला त्रास. डॉक्टर प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन देतील, सुरुवात थोड्या डोसनं. गुंगी येते, तोल जातो. रात्री उठताना भिंत धर. आठवड्यात गुण नाही म्हणून सोडायची नाही, मनानं एकदम बंद तर मुळीच नाही. या गोळ्यांनी नस दुरुस्त होत नाही, पण आग निम्मी झाली आणि झोप लागली तरी खूप झालं.

आपल्या पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा एवढा बाजार भरतो ना, त्या मिरचीतल्या तिखटाचंच मलमही असतं, कॅप्सेसिनचं. घरची मिरची मात्र चोळू नकोस बाई! मलमसुद्धा भेगा-जखमांवर नाही, आणि लावलं की हात धुवायचे. कुणी नस मोकळी करायचं ऑपरेशन सुचवलं तर लगेच हो म्हणू नकोस. शुगरच्या आगीवर त्याचा भरवसा नाही. संभाजीनगरला घाटी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना विचार.

आणि अंगारकीला राजूरला अनवाणी जायचं नाही, सांगून ठेवते. आग होणारा पाय बधिरही असू शकतो, काटा मोडला तरी कळत नाही. गणपती काही चपलेवरून रुसायचा नाही. गरम पाण्यात पाय सोडून बसणंही बंद. रोज झोपताना आरसा खाली ठेवून तळवे बघ. रिपोर्ट आले की फोटो पाठव, आणि दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाक.