यंत्राविना सीताफळ आईस्क्रीम : गर घ्यावा, बी फोडू नये

दसरा-दिवाळीच्या सुमारास जबलपूरहून सिवनीमार्गे नागपूरकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या दिसू लागतात. नर्मदेचे खोरे आणि सातपुड्याचा उतार यांच्या दरम्यान, मुरमाड व पडीक जमिनीवर ही झाडे फारशी निगा न घेताही फळतात. खरी अडचण काढणीनंतर सुरू होते. डोळे उघडलेले फळ दोन ते चार दिवसांत पिकते आणि पिकल्यावर जेमतेम एखाद-दुसरा दिवस टिकते. अख्खे फळ फ्रिजमध्ये ठेवल्यास साल काळी पडते व फळ नीट पिकत नाही. म्हणूनच बाजारात आवक वाढली की उत्पादकाला मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो.

गर काढून गोठवणे आणि त्याचे आईस्क्रीम करणे हा यावरील एक सुलभ मार्ग आहे. १९८४ मध्ये मुंबईच्या जुहू भागात रघुनंदन कामत यांनी फळांच्या गराचे आईस्क्रीम विकण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांच्या मोजक्या स्वादांत सीताफळाचा समावेश होता. घरगुती प्रमाणावर हा पदार्थ करण्यास यंत्राची गरज नाही. किंबहुना घरातील एक यंत्र, म्हणजे मिक्सर, या कामी कटाक्षाने दूर ठेवावे लागते.

बियांतील विष

सीताफळाच्या बियांमध्ये अ‍ॅसिटोजेनिन गटातील संयुगे असतात. ही संयुगे पेशीतील ऊर्जानिर्मितीची प्रक्रिया रोखतात, त्यामुळे कीटक मरतात. खेड्यापाड्यांत उवा मारण्यासाठी या बियांची पूड वापरली जाते, ती याच गुणधर्मामुळे. मात्र ही पूड डोळ्यात गेल्यास तीव्र दाह होतो आणि बुबुळाला इजा पोहोचते.

अखंड बीचे कवच कठीण असते. चुकून गिळली गेलेली बी सहसा न पचता बाहेर पडते. धोका आहे तो कवच फुटण्यात. ‘मिक्सर क्षणभर फिरवला की गर सुटतो’ हा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु पात्याखाली काही बिया फुटतातच आणि त्यांचा अंश गरात मिसळतो. तो नंतर वेगळा करता येत नाही. म्हणून गर हातानेच काढावा आणि बी फुटलेला गर टाकून द्यावा.

फळांची निवड

पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव झालेल्या फळावर पांढरा कापसासारखा थर आणि चिकट स्रावावर वाढलेली काळी बुरशी दिसते. हा प्रादुर्भाव सालीपुरता असेल तर वाहत्या पाण्यात मऊ ब्रशने फळ धुऊन, कोरडे करून गर वापरता येतो. परंतु फळावर छिद्र किंवा छिद्राबाहेर अळीची विष्ठा दिसत असेल, अथवा फोडल्यावर गरात अळ्या आढळल्या, तर ते संपूर्ण फळ बाजूला काढावे; केवळ खराब भाग कापून भागत नाही, कारण अळीच्या मार्गाने बुरशी व जिवाणू आत शिरलेले असतात. अशी फळे बागेत न टाकता खोल पुरावीत. फवारणी झालेल्या बागेतील फळे कीटकनाशकाच्या लेबलवर दिलेला काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पूर्ण झाल्याशिवाय वापरू नयेत.

साहित्य

म्हशीचे दूध १ लिटर, ताजी साय १०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, सीताफळाचा गर ३०० ग्रॅम, लिंबाचा रस १ चहाचा चमचा. एवढ्या गरासाठी साधारणपणे १ किलो पिकलेली फळे लागतात. थंडाव्यासाठी ३ किलो फोडलेला बर्फ आणि १ किलो खडे मीठ घ्यावे.

कृती

१. दूध मंद आचेवर आटवून निम्मे करावे. शेवटी साय व साखर घालून पाच मिनिटे उकळावे, झाकून थंड करावे आणि काही तास फ्रिजमध्ये ठेवावे.

२. हात व भांडी स्वच्छ धुऊन, मोठ्या छिद्रांच्या चाळणीवर हाताने किंवा लाकडी चमच्याने दाबून गर बियांपासून सोडवावा. गर हवेत तपकिरी पडतो, म्हणून लगेच लिंबाचा रस मिसळावा. सालीलगतचा रवाळ भाग घ्यावा, साल खरवडू नये.

३. गर पूर्ण थंड झालेल्या दुधातच घालावा. तापवल्यास सीताफळाचा गर कडवट होतो.

४. मिश्रण घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा सुमारे दोन तृतीयांश भरेल इतके ओतावे. डबा बादलीत ठेवून भोवती बर्फ व मीठ यांचे थर द्यावेत.

५. डबा हाताने उलटसुलट फिरवत राहावे. दर पाच-सात मिनिटांनी झाकण पुसून उघडावे व कडेला गोठलेला थर उलथण्याने खरवडून मध्ये मिसळावा. सुमारे पाऊण तासात मिश्रण दाट होते. नंतर डबा फ्रीझरमध्ये किंवा नव्या बर्फ-मिठात, वरून गोणपाट झाकून, घट्ट होऊ द्यावा.

बर्फ उपलब्ध नसल्यास मिश्रण पसरट भांड्यात फ्रीझरमध्ये ठेवावे व दर पाऊण तासाने, तीन-चार वेळा, रवीने घुसळावे.

यामागील कारण

साखरेमुळे हे मिश्रण शून्य अंशावर गोठत नाही. त्याला आणखी खालचे तापमान लागते. बर्फात मीठ मिसळले की बर्फ वितळताना उष्णता शोषून घेतो आणि खारे पाणी शून्याखाली बरेच थंड होते. योग्य प्रमाणात ते उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकते. सतत खरवडण्याने बर्फाचे स्फटिक लहान राहतात आणि आईस्क्रीम मऊ लागते. न हलवता गोठवलेले मिश्रण कचकचीत होते.

विस्तार कार्यकर्त्यांनी सांगावयाच्या बाबी

गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, केवळ त्यांची वाढ थांबते. गर न उकळता वापरला जात असल्याने स्वच्छतेला पर्याय नाही. भोवतीचा बर्फ बहुधा पिण्यायोग्य पाण्याचा नसतो. त्याचे पाणी डब्यात जाऊ देऊ नये. एकदा वितळलेले आईस्क्रीम पुन्हा गोठवू नये.

बचत गटास विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा नोंदणी आवश्यक आहे. शिवाय ‘आईस्क्रीम’ या नावासाठी मानकानुसार किमान १० टक्के दुग्धस्निग्धांश लागतो. वरील प्रमाण घरगुती आहे. दूध व सायीनुसार स्निग्धांश बदलतो, म्हणून विक्रीपूर्वी नमुना तपासून घ्यावा.

प्रात्यक्षिकाच्या वेळी काढलेल्या बिया मोजून झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात व मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. कीडनियंत्रणासाठी त्या कुटायच्या असल्यास स्वयंपाकघराबाहेर, वेगळ्या खलबत्त्यात आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच कुटाव्यात. तो खलबत्ता पुन्हा अन्नासाठी वापरू नये.