सिंह तीन की चार?



स्वातंत्र्यदिन जवळ आला की पहिली-दुसरीच्या मुलांकडून राष्ट्रचिन्हे पाठ करून घेण्याचे काम पुष्कळदा तुम्हा आठवी-नववीच्या मुलामुलींवर येते. घरी धाकट्या भावंडांचा अभ्यासही तुम्हीच घेता. ‘राष्ट्रीय पक्षी? मोर. राष्ट्रीय प्राणी? वाघ.’ चार वेळा घोकले की उत्तरे धडाधड येतात. पण एवढ्याने मूल काही शिकले असे म्हणता येईल का? सहा-सात वर्षांचे मूल ताईने किंवा दादाने सांगितलेले सगळे खरे मानते, आणि त्या वयात डोक्यात बसलेली चूक मोठेपणीही सहसा निघत नाही. म्हणून शिकवणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते. ती पार पाडायला प्रयोगशाळेतलीच पद्धत उपयोगी पडते. आधी पाहा, मग मोजा आणि शेवटी ‘कशावरून?’ असे विचारा.

पाहा

रुपयाचे एक नाणे आणि एक भिंग घ्या. नाण्यावरचे सिंह मुलांना मोजायला सांगा. ती ‘तीन’ म्हणतील. मग चार मुलांना एकमेकांच्या पाठीला पाठ लावून चार दिशांना तोंडे करून उभे करा. पाचव्याने त्यांच्यासमोर उभे राहून दिसतील तेवढे चेहरे मोजावेत. एक चेहरा पुरता दिसतो, दोन बाजूने दिसतात आणि चौथा दिसतच नाही. त्याला त्यांच्याभोवती फेरी मारू द्या. दिसणारे चेहरे बदलतील, पण पाठीमागचा नेहमी लपलेलाच राहील. घन वस्तूचे चित्र सपाट कागदावर काढले की तिची एक बाजू हरवते, हा भूमितीचा धडा मुलांना खेळता खेळता मिळतो.

नाण्यावरचे चित्र ज्या शिल्पावरून घेतले आहे त्यात सिंह चारच आहेत. हे शिल्प सम्राट अशोकाच्या काळातले, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले आहे. ते वाराणसीजवळ सारनाथ येथे १९०५ साली उत्खननात सापडले आणि आज तिथल्याच संग्रहालयात आहे. त्याची उंची दोन मीटरांहून थोडी अधिक आहे आणि ते सबंध एकाच वालुकाश्मातून कोरलेले आहे. सिंहांच्या पायाखालच्या गोल बैठकीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह असे चार प्राणी असून दर दोन प्राण्यांमध्ये एक चक्र आहे. २६ जानेवारी १९५० रोजी भारताने हे चिन्ह स्वीकारले. त्याच्या चित्रात मधले चक्र, आपल्या उजव्या हाताला बैल आणि डाव्या हाताला घोडा दिसतो. मग हत्ती कुठे गेला? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. फेरी मारलेला मुलगा उत्तर देईल.

आता मोराकडे वळू. मोर १९६३ सालापासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. आपोआप गळून पडलेले एखादे पीस मिळाले तर ते आधी उन्हात तिरपे धरून हलवा. निळा-हिरवा रंग चमकेल आणि कोन बदलला की बदलेल. मग तेच पीस तुमच्या आणि उजेडाच्या मध्ये धरा. निळाई जाऊन पीस तपकिरी दिसेल. कारण पिसात निळे रंगद्रव्य मुळी नसतेच. असते ते काळपट तपकिरी द्रव्य, आणि त्याच्या कणांची अतिसूक्ष्म मांडणी ठरावीक रंगाचा प्रकाश परत पाठवते. साबणाच्या फुग्यावरचे रंगही प्रकाशाच्या अशाच खेळातून दिसतात. आणखी एक गंमत सांगा. मोराचा पिसारा म्हणजे त्याची शेपटी नव्हे. खरी शेपटी आखूड असते, आणि पिसारा फुललेला असताना ती त्याला मागून आधार देते.

मोजा

आपला ध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. त्याच्या लांबीचे रुंदीशी प्रमाण ३ : २ असते आणि तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे असतात. ध्वज ९० सेंटिमीटर लांब असेल तर रुंदी ६० सेंटिमीटर आणि प्रत्येक पट्टा २० सेंटिमीटर. या आकाराच्या ध्वजावरील चक्राचा व्यास १८.५ सेंटिमीटर ठरवलेला आहे. म्हणजे चक्र पांढऱ्या पट्ट्यात मावते, पण कडांना टेकत नाही. मुलांच्या चित्रांत चक्राचे आरे कधी आठ, कधी सोळा असतात. खरे आरे २४, तेही समान अंतरावर. मग दोन आऱ्यांमधला कोन किती? ३६० भागिले २४, म्हणजे १५ अंश.

लहान मुलांना कोनमापक देता येत नाही. त्यांना पतंगाच्या पातळ कागदाचे वर्तुळ कापून द्या. ते मधोमध दुमडून अर्धवर्तुळ करा. त्याच्या तीन सारख्या घड्या घाला. झाले सहा भाग. पुन्हा मधोमध दुमडा, बारा भाग. आणखी एकदा दुमडा, चोवीस. कागद उलगडला की केंद्रातून निघालेल्या २४ रेषा दिसतील. मुलांनी त्यांवरून निळी पेन्सिल फिरवावी.

तुम्ही मात्र हेच काम कंपासने करा. वर्तुळाची त्रिज्या कंपासमध्ये धरून परिघावर एकापुढे एक खुणा करा. बरोबर सहा खुणा होतील, कारण दर दोन खुणा आणि केंद्र मिळून समभुज त्रिकोण होतो. मग प्रत्येक कोन दोनदा दुभागा.

मुले कागदी ध्वज हातात घेणार असतील तर कार्यक्रम संपल्यावर ते जमिनीवर टाकायचे नाहीत, हा ध्वजसंहितेतला नियमही त्याच वेळी सांगा.

विचारा

‘चोवीस आरे म्हणजे दिवसाचे चोवीस तास,’ असे पुष्कळदा सांगितले जाते. आकडा लक्षात राहण्यासाठी ही युक्ती ठीक आहे. पण हे कारण खरे असेल का? सारनाथच्या बैठकीवरील चक्रांनाही चोवीसच आरे आहेत, आणि प्राचीन भारतात दिवसरात्रीचे ३० मुहूर्त मानत असत. तेव्हा चोवीस तासांचा अर्थ मागाहून जोडलेला दिसतो. मुलांना सांगताना ‘अशी आठवण ठेवा’ आणि ‘हे कारण आहे’ यांत फरक करा.

दुसरा प्रश्न राष्ट्रीय खेळाचा. सगळे एका सुरात ‘हॉकी’ म्हणतील. १९२८ ते १९५६ या काळात झालेल्या सलग सहा ऑलिंपिक स्पर्धांत भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा असे वाटणे साहजिक आहे. पण २०१२ साली लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात याबाबतचा आदेश मागितला. कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही, असे क्रीडा मंत्रालयाने कळवले. २०२० साली धुळे जिल्ह्यातील एका शिक्षकांनाही तसेच उत्तर मिळाले. कित्येक मोठ्यांना जे विचारावेसे वाटले नाही, ते एका लहान मुलीने विचारले!

तिसरा प्रश्न वाघाचा. १९७२ पर्यंत आपला राष्ट्रीय प्राणी सिंह होता, त्या वर्षी वाघाची निवड झाली. १९७३ मध्ये वाघांच्या रक्षणासाठी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यातील पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाटही होते. राष्ट्रचिन्हे माणसेच विचार करून ठरवतात, आणि ठरवले की ती सांभाळावीही लागतात, हे मुलांना या उदाहरणावरून सहज कळते.

करून पाहा

१. ध्वजाची लांबी ४५ सेंटिमीटर असेल तर रुंदी किती? प्रत्येक पट्टा किती रुंद?

२. आपली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून वापरात आली. त्या दिवशी शके १८७९ चा १ चैत्र होता. चैत्राचे दिवस ३० (लीप वर्षी ३१, तेव्हा वर्ष २१ मार्चला सुरू होते), वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने प्रत्येकी ३१ दिवसांचे आणि उरलेले सहा प्रत्येकी ३० दिवसांचे. यावरून १५ ऑगस्टची राष्ट्रीय तारीख काढा. मात्र हे महिने सौर आहेत. घरच्या पंचांगातील चांद्र महिन्यांशी त्यांची गल्लत करू नका.

३. धाकट्या भावंडाने विचारलेला, पण तुम्हाला उत्तर न आलेला एक प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि त्याचे उत्तर कुठे मिळेल ते गुरुजींना किंवा बाईंना विचारा.

(उत्तरे : १. रुंदी ३० सेंटिमीटर, पट्टा १० सेंटिमीटर. २. २४ श्रावण.)