कतारगामला बिऱ्हाड हलवण्याआधी

खानदेशातून आणि नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागातून सुरतेला जाणाऱ्यांची वाट जुनी आहे. आपली मराठी वस्ती मुख्यतः लिंबायत, उधना, डिंडोलीकडे. पण काम कतारगामच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) किंवा हिऱ्याच्या कारखान्यात लागलं, की रोजची ये-जा नको म्हणून काही जण तिकडेच घर बघतात. एकटा माणूस कुठेही पथारी टाकतो. बायको, मुलं, म्हातारी आई न्यायची ठरली की घरात दोन प्रश्न सुरू होतात. "तिकडे साप फार निघतात म्हणे" हा एक आणि "एवढ्या पगारात भागेल का" हा दुसरा. पहिला बहुतेक वेळा आई विचारते, दुसरा कमावता माणूस, आणि दोघं आपापलं उत्तर शोधत बसतात. माझं म्हणणं एवढंच की हे दोन्ही एकाच बैठकीत, एकाच वहीत सोडवावेत, कारण भीतीचा बंदोबस्त करायला पैसा लागतो आणि पैसा वाचवायला गेलं की नेमकी एखादी भीती घरात शिरते.

लागणाऱ्या वस्तू: एक वही, गेल्या बारा महिन्यांची विजेची बिलं, सध्याच्या घरखर्चाचा खरा आकडा, आणि शक्य असेल तर मे-जूनमध्ये सुरतेची एक खेप.

१. पान आखा

तीन रकाने करा. पहिल्यात भीती लिहा, घरात जशी बोलली जाते तशीच. दुसऱ्यात ती कतारगाममध्ये कितपत खरी आहे ते. तिसऱ्यात तिच्यापासून सांभाळायला महिन्याला किंवा एकदाच किती रुपये लागतील ते. घरातल्या प्रत्येकाला लिहू द्या आणि कुणाच्याही भीतीवर हसू नका. आईने "विंचू" लिहिलं तर विंचू राहू द्या.

२. भीती चाळून घ्या

बिबट्या आधी खोडा. सुरत जिल्ह्यात तो आहे, पण मांडवी, मांगरोळकडच्या जंगलात आणि उसात. कतारगाम म्हणजे कारखाने, सोसायट्या आणि अरुंद गल्ल्यांचं गजबजलेलं शहर. निफाडच्या उसाशेजारी किंवा तळोद्याच्या शिवारात राहणारं कुटुंब इथे येतं तेव्हा या बाबतीत त्याचा धोका कमीच होतो. मगरीचंही तेच. मगरींच्या ज्या बातम्या आपण ऐकतो त्या बहुतेक वडोदऱ्याच्या, विश्वामित्री नदीच्या असतात.

साप खोडू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही दक्षिण गुजरातेत आहेत, जसे ते आपल्याकडेही आहेत. वेड, डभोली, सिंगणपोरच्या बाजूला तापीचा काठ, मोकळे प्लॉट आणि झुडपं आहेत. पावसाळ्यात बिळांत पाणी भरलं की साप कोरडी जागा शोधत येतात. त्यातल्या त्यात लक्ष द्यायचं ते मण्यारीकडे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते आणि तिचा दंश पुष्कळदा कळतच नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि घरचे अपचन समजून ओवा देत बसतात. यावरचा उपाय स्वस्त आहे: खाट, आणि गादीखाली कडा नीट खोचलेली मच्छरदाणी. तिसऱ्या रकान्यात दोन्हींची किंमत लिहा. हीच मच्छरदाणी पुढे डासांच्या ओळीतही कामाला येणार आहे, म्हणून ती दोनदा मोजू नका.

आता ज्या जनावरांची भीती कुणी लिहिलीच नसेल, ती वर आणा. कुत्रा, डास, उंदीर. कतारगाममध्ये माणसाला त्रास होतो तो यांचा.

कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते, खर्च होतो तो बुडालेल्या मजुरीचा. पुढचे डोस ठरलेल्या तारखांना पूर्ण करायचे, बरं वाटलं म्हणून सोडायचे नाहीत. मुलं शाळेत चालत जाणार असतील तर घर बघतानाच ती वाट सकाळी सात वाजता एकदा पायी चालून या.

उंदराची गोष्ट कतारगामच्या बाबतीत थोडी लांबून सांगायला हवी. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण निघाले, त्यातले पहिले याच भागातल्या वेड रोडच्या वस्तीतले. त्याआधी ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची लक्षणं दिसली होती. सुरतेत त्या पावसाळ्यात तापीचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं, मेलेली जनावरं आणि कचरा कुजत पडला होता. बातमी फुटताच काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. स्टेशनावर मिळेल त्या गाडीला लटकून गेलेल्यांत आपले मजूरही होते. देशभरात पन्नासहून अधिक माणसं दगावली. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी रोजची झाडलोट, कचऱ्याची उचल आणि अधिकाऱ्यांनी स्वतः रस्त्यावर उतरणं सक्तीचं केलं, आणि शहराची तऱ्हाच बदलली. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये सुरत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिली आली.

म्हणून प्लेगच्या भीतीने आज कतारगाम टाळायचं कारण नाही. पण उंदरांच्या मुतामुळे होणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप दक्षिण गुजरातेत दर पावसाळ्यात असतो. पायाला भेग किंवा जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालल्यानेही तो होतो. गमबुटाची एक जोडी तिसऱ्या रकान्यात घाला. आणि पुराच्या पाण्यातून गेल्यानंतर काही दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना "पाण्यातून गेलो होतो" हे आपणहून सांगा.

कबुतरं हीसुद्धा जनावरांतच धरा. वरच्या मजल्यांच्या बाल्कन्यांत त्यांची विष्ठा साचते आणि तिची वाळलेली धूळ रोज छातीत गेली तर काहींना फुप्फुसाचा चिवट आजार जडतो. आईला दमा असेल तर जाळी बसवून देण्याचं मालकाकडून आधीच कबूल करून घ्या.

३. मजला ठरवा

भीती आणि खर्च समोरासमोर येतात ते इथे. सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

तळमजला म्हातारीच्या गुडघ्यांना सोयीचा. पण साप, उंदीर, गटाराचं पाणी आणि पूर यांचं पहिलं दार तोच. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. खानदेशातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी तो लहानपणापासून ऐकतो. ते पाणी, आणि कळवण-सटाण्याकडून गिरणेतून आलेलं पाणीही, उकाईत जातं आणि तिथून सुरतेला येतं. घर बघताना शेजारच्या जुन्या रहिवाशाला विचारा, "२००६ ला पाणी कुठवर आलं होतं?" बहुतेक जण भिंतीवर हात ठेवून दाखवतात. तो हात तुमच्या कमरेच्या वर असेल, तर तळमजला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तापीपलीकडच्या रांदेरला जोडणारा सिंगणपोरचा कॉजवे पाणी चढलं की बंद होतो. काम पलीकडे असेल तर त्या दिवसांचा फेरा आणि रिक्षाभाडंही लिहा.

सगळ्यात वरचा मजला पुरापासून आणि सापांपासून दूर, भाडंही थोडं कमी. पण वर उघडा स्लॅब असतो. दिवसभर तापलेलं छत रात्री दोन वाजेपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतं. भाड्यात वाचलेले पैसे विजेच्या बिलात जातात, आणि झोप जाते ती वेगळीच.

म्हणून मधला मजला, आणि पश्चिमेची भिंत शेजाऱ्याच्या घराला चिकटलेली असेल तर उत्तम. त्यासाठी भाडं थोडं जास्त द्यावं लागलं तरी माझ्या मते ते द्यावं. लिफ्ट नसेल तर आईसाठी पहिला मजला.

४. कूलर विकून टाका

आपल्याकडच्या माणसाला वाटतं, भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत राहिलो, सुरतेचं काय एवढं! पारा सुरतेत खरंच कमी असतो, मे महिन्यात सहसा चाळिशीच्या आतच. पण समुद्र जवळ आहे आणि हवेत ओल आहे. घाम येतो आणि वाळत नाही, रात्रीही नाही. निफाडसारख्या ठिकाणी थंडीत पारा पाच-सहापर्यंत उतरतो. सुरतेत जानेवारीतही दिवसा पंखा लागतो. म्हणजे वीज जवळजवळ बाराही महिने.

कूलर चालतो तो पाणी उडून जाण्यावर. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि वारा गार होतो. सुरतेच्या दमट हवेत ते फारसं उडत नाही, कूलर नुसती ओल फेकतो आणि खोली अधिक कोंदट होते. शिवाय त्याच्या टाकीतलं साचलेलं स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना अंडी घालायला हक्काची जागा. तो डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी झोपणारं बाळ आधी सापडतं. तेव्हा टेम्पोत कूलर चढवू नका. गावातच विका, आणि ते पैसे चांगल्या पंख्यांसाठी आणि खिडक्यांच्या जाळ्यांसाठी ठेवा.

एसीचा विचार असेल तर हिशोब असा: दीड टनाचा एसी ताशी साधारण सव्वा ते दीड युनिट खातो. रात्री सात-आठ तास चालवला तर दहा युनिट धरा, महिन्याला तीनशे. आता मालकाकडे विजेचं जुनं बिल मागा. कंपनी टॉरंट आहे की डीजीव्हीसीएल, आणि मीटर स्वतंत्र आहे की मालक सबमीटरवरून स्वतःचा दर लावतो, ते त्याच वेळी विचारा. जो दर खरोखर भरायचा आहे त्याने तीनशेला गुणा.

५. बाकीचा खर्च भराभर लिहा

भाडं, अनामत, दलाली, सोसायटीचा मेन्टेनन्स. स्वयंपाकाचा गॅस पाइपचा आहे की सिलिंडर, ते बघा. दूध सुमुलचं, त्याचा भाव दुकानात विचारता येतो. रेशनकार्ड महाराष्ट्राचं असलं तरी "एक देश, एक रेशनकार्ड" योजनेत केंद्राचं धान्य इथल्या दुकानात मिळू शकतं. आधार जोडलेलं आहे ना, ते निघण्याआधी गावातच तपासा. हिवाळ्यात कतारगामची प्रसिद्ध पापडी बाजारात येते, पण उंधियूच्या दिवसांत तिचा भाव चढतो.

दोन गोष्टी मात्र आधीच बोलून घ्या. इथल्या पुष्कळ सोसायट्यांत मटण-मासे शिजवलेले चालत नाहीत. तुमच्या घरी शिजत असेल तर घरमालकाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. नंतर घर सोडावं लागलं तर दलाली दुसऱ्यांदा जाते. दुसरी गोष्ट शाळा. महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते, पण त्या मुख्यतः मराठी वस्तीच्या भागांत आहेत. मूल मराठीतच शिकवायचं असेल तर कतारगामहून रोजचं जाणं-येणं किती पडतं, हे भाड्याच्या रकमेत मिळवून बघा. कदाचित उधन्यात राहून कमावत्याने एकट्याने प्रवास करणं सोयीचं ठरेल.

६. उत्पन्न अकरा महिन्यांचं धरा

हिऱ्यात आणि एम्ब्रॉयडरीत मजुरी बऱ्याच ठिकाणी नगावर असते. दिवाळीत हिऱ्याचे कारखाने काही आठवडे बंद राहतात, आणि मंदी असली की ती सुट्टी लांबते. समजा महिन्याला २५,००० रुपये सुटतात. अकरा महिन्यांचे २,७५,००० झाले. त्याला बाराने भागा, सुमारे २२,९०० येतात. घर चालवायला तेवढेच आहेत असं समजा. आता तिसऱ्या रकान्यातली मासिक रक्कम, भाडं, वीज, किराणा, शाळा, गावाकडे पाठवायचे पैसे आणि सणाला गावी जाण्याचं भाडं यांची बेरीज करा. ती या आकड्याच्या वर जात असेल तर मच्छरदाणी, जाळ्या आणि मधला मजला यांना कात्री लावू नका. एसी पुढे ढकला, किंवा कुटुंब नेणं एक दिवाळी पुढे ढकला.

७. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात

सामान लावण्याआधी न्हाणीघराच्या मोरीला बारीक जाळी बसवा आणि दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा. गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का बघा. बसत नसेल तर सोसायटीच्या प्रमुखाला लगेच सांगा.

नंतर एका रात्री घरून मजुरा गेटच्या नव्या सिव्हिल रुग्णालयापर्यंत आणि दुसऱ्या रात्री स्मिमेर रुग्णालयापर्यंत जाऊन या. लवकर कुठलं गाठता येतं ते ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर १०८ सोबत लिहा. त्याखाली मोठ्या अक्षरांत हेही लिहा: साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, थेट रुग्णालय. शेजारी "काळोतरो" म्हणाले तर ती मण्यार, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पान आईला एकदा मोठ्याने वाचून दाखवा आणि तिच्या खाटेजवळच्या भिंतीवर चिकटवा, कारण दिवसभर घरात तीच असणार आहे.