जानेवारीत लेहला कोणता कॅमेरा न्यावा?

प्रश्न : जानेवारीत लेह आणि पँगाँगला जायचंय. जुना डीएसएलआर व १८-५५ची लेन्स आहे. नवा मिररलेस घेऊ का?
– एक वाचक, हुलसूर (जि. बीदर)

उत्तर : एवढ्यासाठी घेऊ नका. उलट, डोळा लावून पाहायच्या व्ह्यूफाइंडरमुळे डीएसएलआरची बॅटरी जास्त पुरते. आपल्याकडची थंडी शेकोटीवर भागते; लेहला रात्री पारा उणे १५च्याही खाली जातो आणि सकाळी भरलेली बॅटरी तासाभरात मान टाकते. ती मेलेली नसते, गारठलेली असते. तीन बॅटऱ्या ठेवा, दोन स्वेटरच्या आतल्या खिशात. विमानात त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात.

खरा धोका परतल्यावर. गार कॅमेरा बुखारीने तापलेल्या खोलीत काढला की लेन्सवर, आतही दव धरतं. बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, दोन तास उघडू नका. हा उपाय फुकटचा, म्हणून लोक विसरतात.

बर्फ करडा दिसू नये म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. हिमबिबट्या टिपायचा असेल, तर मात्र ही लेन्स पुरणार नाही. ५००-६०० मिलिमीटरची भाड्याने घ्या.